आमच्यात समन्वय नाही

ती. सासूबाईंना,

जावयाचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून अर्धाच वाकलो, उरलेला भेटीत पूर्ण करीन.) तुमचा गुडघा कसा आहे? मामांना डाव्या कानानं आता नीट ऐकू येतं, की अजून त्यांना हवं तेवढंच येतं? इकडे आम्ही दोघंही सुखरूप आहोत. ‘दोघंही’ हा शब्द मुद्दाम लिहिला आहे, कारण शेजारच्या शिवणकामवाल्या वहिनींनी तुम्हाला फोनवर काय सांगितलं ते माझ्या कानावर आलं आणि मी मटकन खालीच बसलो. म्हणे जावई लेकीशी बोलत नाही, भिंतीकडे तोंड करून जेवतो, आणि म्हणून येत्या रविवारी तुम्ही तिला माहेरी न्यायला येणार! सासूबाई, असं काही करू नका. शपथेवर सांगतो, भांडण नाही. भांडण होण्याइतकंही आमचं बोलणं झालेलं नाही. जे आहे ते सगळं कायद्यानं आहे. हे फोनवरच सांगितलं असतं, पण तुम्ही आधी रडता, मग फोन मामांकडे देता, आणि मामा ‘बरं बरं’ म्हणून ठेवून देतात.

तुमची लेक आमच्या वॉर्डातून नगरपालिकेला उभी आहे आणि मी गाद्यांच्या कारखान्यातल्या कामगार संघटनेचा चिटणीस आहे, हे तुम्ही जाणताच. या दोन गोष्टी एका छताखाली नांदू शकतात अशी माझी भाबडी समजूत होती. तिनं अर्ज भरला त्या संध्याकाळी मी संघटनेचा लाउडस्पीकर खांद्यावर घेऊन घरी निघालो. (कंबर तेव्हाच धरली.) जिन्याच्या वळणावर आमच्या वरच्या मजल्यावरचे वकील समोरून उतरले. हे गृहस्थ फी न घेता माणसाला घाबरवतात. माझ्या खांद्याकडे बघून ते ओरडलेच, “आणखी एक पायरी चढलात तर वहिनींची उमेदवारी गेली!” मी हबकलो. नवा नियम असा निघाला की कंपनी असो की कामगार संघटना, उमेदवाराला पैसा द्यायचा नाही आणि वस्तूही द्यायची नाही, कारण ती वस्तुरूप देणगी होते. मात्र उमेदवाराला न विचारता, न सांगता, आपल्या मनानं आणि आपल्या खर्चानं त्याचा प्रचार करायला पूर्ण मोकळीक. फक्त समन्वय आढळता कामा नये. मी विचारलं, म्हणजे नेमकं काय करायचं नाही? “बोलायचं नाही,” वकील म्हणाले आणि पिशवी हलवत दूध आणायला गेले.

लाउडस्पीकर मी तिथंच ठेवला. तो अजून जिन्यातच आहे. लोक त्याला वळसा घालून जातात आणि घरमालक माझ्याकडे बघून दात-ओठ खातात. पण खरा धक्का वर दारातच बसला. दार उघडून तुमची लेक म्हणाली, “आलात?” आणि मला घाम फुटला. ‘आलो’ म्हणावं तर समन्वय! मी नुसती मान हलवली, मग मान हलवणं हेही बोलणंच की काय अशी शंका आली म्हणून ती परत उलटी हलवली. ती आत निघून गेली. तेव्हापासून आतल्या खोलीत उमेदवार आणि बाहेरच्या खोलीत संघटना अशी वाटणी आहे. चहा ती ठेवते, मी पितो. (उमेदवारानं संघटनेला दिलेलं चालतं, हे मी नियमांत दोनदा वाचून घेतलं.) भाजीचं मात्र अवघड झालं. मी आणलेली भाजी नवऱ्यानं आणली की चिटणिसानं, हे कोण ठरवणार? म्हणून मी ती शिवणकामवाल्या वहिनींकडे देतो आणि त्या आमच्या घरात पोचवतात. अर्धीच पोचते. वर तुम्हाला फोनही त्याच करतात!

आता पोस्टरांचं ऐका. संघटनेनं ठरवलं की ताईंसाठी, म्हणजे तुमच्या लेकीसाठी, स्वतंत्र प्रचार करायचा, आणि घोषणा लिहायचं काम माझ्याकडे आलं. आमचा धंदा गाद्यांचा, त्यामुळे मला दुसरं काही सुचेचना. मी लिहिलं: ‘निश्चिंत झोपा, ताई आहेत!’ शिवण विभागाला ते इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी पोस्टरं छापून वॉर्डभर लागलीसुद्धा. सकाळी कामाला जाताना बसथांब्यापाशी बघतो तो काय, आमच्या पोस्टराला अगदी खेटून तिनं स्वतः छापलेलं पोस्टर: ‘जागे व्हा!’ बंद पडलेले दिवे, खणून ठेवलेला रस्ता यावरून ती सबंध वॉर्डाला गदागदा हलवत होती आणि शेजारी मी त्याच लोकांना अंगाई म्हणत होतो. माझी बस आली आणि गेली, तरी मी तिथंच उभा! पलीकडचा न्हावी म्हणाला, “साहेब, आम्ही नक्की काय करायचं, उठायचं की झोपायचं?” उत्तर द्यायचं तर आधी तिला विचारावं लागलं असतं.

त्यातल्या त्यात समाधान म्हणजे कंपनीचीही तीच गत आहे. आमच्या मॅनेजरांचे साडू इथले विद्यमान नगरसेवक, आणि कंपनी त्यांच्या बाजूची. साडूंना विचारायची सोय नाही, म्हणून मॅनेजरांनी स्वतःच्या हुशारीवर ‘आता बदल हवाच!’ असे फलक लावले. म्हणजे तिथं वर्षानुवर्षं बसलेल्या माणसाला मतं द्या आणि बदला! साडूंनी त्यांच्याकडे पाहणं सोडलं आहे, आणि मॅनेजरीणबाईंनी बहिणीची बाजू घेतली आहे. ज्या मॅनेजरांशी बोनसवरून माझी हमरीतुमरी होते, त्यांच्यासमोर बसून मी हल्ली रोज टपरीवर चहात बिस्किटं बुडवतो. सबंध गावात आम्हा दोघांनाच एकमेकांशी बोलायला कायद्याची आडकाठी नाही.

एवढ्यात कोणीतरी तक्रार केली की संघटनेचा चिटणीस उमेदवाराच्या घरी झोपतो. निवडणूक कार्यालयातल्या निरीक्षक बाई चौकशीला आल्या. मी म्हटलं, “बाई, घर माझंच आहे, उमेदवार नंतर झाला.” त्यांनी आधी आतल्या खोलीत विचारलं, तुमचे यजमान प्रचारात तुम्हाला काही सुचवतात का? तुमची लेक शांतपणे म्हणाली, “पूर्वी सगळ्यातच सुचवायचे. हल्ली नाही.” मग बाई आमच्या खिडकीतून समोरच्या भिंतीवरची दोन्ही पोस्टरं बराच वेळ बघत राहिल्या. जाताना मला म्हणाल्या, “तक्रारीत काही तथ्य नाही. इतका समन्वयाचा अभाव मी आजवर पाहिला नाही.” मी निर्दोष सुटलो, सासूबाई, आणि मला रडू फुटायचं तेवढं बाकी राहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर सरकारी माणसानं घरी येऊन असं सांगावं!

तेव्हा रविवारचं तिकीट रद्द करा. तुम्ही तिला घेऊन गेलात तर लोक म्हणतील, जिला नवरा सांभाळता आला नाही ती वॉर्ड काय सांभाळणार; आणि ती चांगलं सांभाळेल हो, माझ्यासकट सांभाळते आहेच. मामांना नमस्कार (उजव्या कानात सांगा).

तुमचा,
जावई

ता. क. समोरच्या भिंतीवरचं आमचं पोस्टर काल कोणीतरी काढून नेलं. फाडलं नाही, कडा भिजवून, अलगद, घडी पडू न देता सोडवलं. मी मॅनेजरांवर संशय घेतला तर ते चहा अर्धा टाकून उठून गेले. आता बोलायला तेही उरले नाहीत.

आणखी ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण आता लिहितो. तुम्ही या, पण तिला न्यायला नको, चार दिवस राहायलाच या. आणि तुमचं म्हणून तिला एवढं सांगा की ‘निश्चिंत झोपा’ ही घोषणा संघटनेची नव्हती. तुमची लेक या घरात आल्यापासून मला जशी झोप लागते, तसं लिहिलं होतं. हल्ली लागत नाही. ती पलीकडच्या खोलीत असते आणि मला तिची आठवण येते, हे कुठल्या नियमात बसतं ते वकिलांनाही सांगता येत नाही. पाकीट चिकटवलेलं नाही, कारण डिंक कुठे असतो ते मला माहीत नाही आणि विचारता येत नाही. पत्र दाराजवळच्या फळीवर ठेवतो.

*(खाली दुसऱ्या अक्षरात)*

आई, डिंक फळीवरच होता, पत्राच्या शेजारी. तू मतदान झाल्यावर ये. नियम फक्त प्रचाराबद्दल बोलू नका एवढाच आहे. वकिलांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. मी यांना सांगितलं नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच माझं भाषण, मध्ये कोणी दुरुस्ती न करता, पहिल्या वाक्यापासून शेवटपर्यंत लिहून झालं. ते परवाच्या सभेत करायचं आहे, तोवर थोडी कळ काढू दे त्यांना. पोस्टर माझ्या कपाटात आहे, साड्यांच्या खाली. हे त्यांना कळवू नकोस, समन्वय होईल.