तीस दिवसांत भरायची खुर्ची

तिसऱ्या बाकावरचे माझे आद्य शेजारी, परमस्नेही शेळीकवी यांस,

सप्रेम नमस्कार. अक्षर वाकडं दिसेल. त्याचा दोष वयाला देऊ नकोस, भीतीला दे. तुझा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात (त्याला चार वर्षं झाली, आळस माझाच) तू लिहिलं होतंस की जिना चढताना तो कुरकुरतो आणि उतरताना गप्प असतो. अजून तेवढाच बोलतो की आता बडबड वाढली? वहिनींना नमस्कार सांग. माझी तब्येत उत्तम आहे, फक्त छातीत सारखं धडधडतं. डॉक्टर म्हणाले, छातीत काही नाही. म्हणजे जे काही आहे ते बाहेर आहे, आणि ते काय आहे हे सांगायलाच आज कागद पुढे ओढला.

मी अजून त्याच नळ-तोट्यांच्या कारखान्यात, माणसं निवडायच्या त्याच खोलीत बसतो. फाटकाला लागून पहिलीच खोली, एक टेबल, उमेदवारासाठी एक स्टूल, पाण्याचा तांब्या, आणि माझी खुर्ची, जिच्या डाव्या हाताचं पॉलिश माझ्या कोपराने चौतीस वर्षांत पार घालवलं आहे. निवृत्तीचं वय उलटून सहा वर्षं झाली, पण दर वर्षी मुदतवाढ मिळत आली. माझी निवडीची पद्धत साधी. कागदपत्रं बघून झाली की मी उमेदवाराला शाळेतली एक कविता म्हणायला सांगतो. सगळे हसतात, मग म्हणायला लागतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या कडव्याला प्रत्येक जण अडतो. तिथे मी कान टवकारतो. काही जण गुणगुणून वेळ मारून नेतात, काही जण खोकतात. पण जो सरळ सांगतो, "पुढचं आठवत नाही," त्याला मी घेतो. उद्या यंत्राचा आवाज बदलला, तर हाच माणूस कोणाला तरी सांगायला येईल, असं मला वाटतं. (आणि खरं सांगू? कविता ऐकायला मिळते. एखादा फिटर डोळे मिटून पावसाचं कडवं म्हणायला लागला की माझी ती खोली पुन्हा आपला वर्ग होते, खडूच्या वासासकट.)

तर या सुखात सहा महिन्यांपूर्वी नव्या साहेब आल्या. वयाने माझ्या धाकट्या सुनेएवढ्या. बोलायला इतक्या गोड की ऐकताना घाम फुटतो. कारखान्यात त्यांना 'मापवाल्या बाई' म्हणतात, कारण ज्याचं माप घेता येत नाही ते सुधारता येत नाही, असं त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं. आमच्या भरती विभागाला त्यांनी तीन मापं लावली. जागा रिकामी झाल्यापासून माणूस रुजू होईपर्यंत तीस दिवस, त्याहून जास्त नाही. दहा जणांना बोलावणं गेलं तर आठांचा होकार आलाच पाहिजे. आणि घेतलेल्या दहांपैकी नऊ जण नव्वद दिवसांनंतरही कामावर दिसले पाहिजेत. (हे तिसरं माप आमच्या शेजारच्या टेबलावरच्या घाईदासामुळे आलं. त्याने नऊ दिवसांत अकरा जागा भरल्या. त्यांतल्या एका मालगाडा चालवणाऱ्याने दुसऱ्या दिवशी विचारलं की ब्रेक कुठला, आणि तिसऱ्या दिवशी तो स्वतःच निघून गेला.) मापं काचेच्या फळ्यावर, प्रत्येकाच्या नावापुढे. पुढे एक टिकली. हिरवी, पिवळी नाहीतर लाल.

माझे दिवस एकाहत्तर निघाले. टिकली कोणती ते तू ओळखलंस. ती चहाच्या खिडकीतूनही दिसते, म्हणून मी चहा सोडला. जिन्यातूनही दिसते, म्हणून मागच्या दाराने जातो, तिथे कुत्रं आहे, पण कुत्र्याला मापं माहीत नाहीत. बाईंनी मला बोलावून विचारलं, "काका, कवितेत साधारण किती मिनिटं जातात?" मी म्हणालो, कवितेवर अवलंबून आहे. त्यांनी ते लिहून घेतलं. त्या माझं काहीही लिहून घेतात. घरी हिला सांगितलं की बहुतेक या वर्षी मुदतवाढ मिळणार नाही. ही भाजी निवडता निवडता म्हणाली, "तुम्हाला काढायचं ठरवतायत, पण मला कोणी विचारलंय का?" म्हणजे तिकडेही माझी जागा रिकामी नाही.

आणि मग या महिन्याच्या एक तारखेला बाईंनी माझ्या हातात एकच कागद दिला. भरायची जागा एक. मुदत तीस दिवस. पद: भरती सहायक, खोली क्रमांक एक. मी तो फाटकापाशी उभा राहून वाचला, मग खोलीत येऊन वाचला, मग माझ्या खोलीच्या दारावरचा आकडा वाचला. एक. खोलीत खुर्चीही एकच. मित्रा, मला माझाच बदली माणूस शोधायचा होता, तोही तीस दिवसांत, आणि तोही नव्वद दिवस टिकणारा. नाही शोधला तर लाल टिकलीमुळे जाणार, शोधला तर खुर्ची भरली म्हणून जाणार. बाईंना विचारायला तीनदा गेलो आणि तिन्ही वेळा हवेबद्दल बोलून परत आलो.

भीतीने माणूस लबाड होतो. जाहिरात मी सायकली ठेवायच्या छपरामागे लावली, जिथे कोणी बघणार नाही. सगळा कारखाना सायकलने येतो हे चौतीस वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. चाळीस अर्ज आले. मग मी प्रत्येकाला सगळ्यांत लांब कविता म्हणायला लावली. खोकणारे, गुणगुणणारे निघत गेले आणि मी मनातल्या मनात त्यांचे आभार मानत गेलो.

काल चोविसावा दिवस. एक मुलगी आली. तेल लावून घट्ट वेणी, कागद नीट लावलेले. म्हणालो, "बसा. शाळेतली कुठलीही कविता म्हणा." तिने नदीची सुरू केली. आपलीच, पाचवीतली. दोन कडवी स्वच्छ म्हणाली, आणि तिसऱ्याला, न अडखळता, माझ्याकडे बघत:

"तीरावरती शेळी आली, पाणी प्याली पोटभर,
नदी म्हणाली, पुरे आता, उद्यासाठी ठेव तर."

माझा हात तांब्यावर आपटला. जगातल्या कुठल्याही पुस्तकात ती शेळी नाही. ती एका सोमवारी, गुरुजी छडी घेऊन समोर उभे असताना, खरं कडवं विसरलेल्या एका मुलाच्या तोंडून माझ्या शेजारी, आपल्याच बाकावर जन्मली. मुलगी पुढे थांबली आणि सरळ म्हणाली, "पुढचं येत नाही. बाबांनी इथपर्यंतच शिकवलं." बाबांना पुढचं कुठून येणार? गुरुजींनी त्यांना शेळीपाशीच बाकावर उभं केलं होतं. मी तिचं आडनाव पुन्हा वाचलं. तिला काही सांगितलं नाही. फक्त येताना 'बसा' म्हणालो होतो, जाताना 'सांभाळून जा गं' म्हणालो. चाळीसांत तीच एक. तिच्या निवडीचा कागद भरून मी माझ्याच टेबलाच्या खणात ठेवला आहे, खणाला कुलूप लावलं आहे आणि किल्ली खिशात वाजते आहे.

बाकी सगळं ठीक. गुडघ्याला शेक देत जा.

तुझा,
खिडकीकडच्या बाजूचा

ता. क. पत्र बंद करण्याआधी धीर करून बाईंकडे गेलो. विचारलं, ही जागा रिकामी कशी झाली? त्यांनी फाइल काढली. आत माझ्याच हाताचा कागद, गेल्या वर्षीचा: "दिवस कलला, पाखरा रे, पंख आता आवरू, ऊब खुर्चीतील अपुली दुसऱ्यापाशी विसरू." एका हळव्या दुपारी लिहून मी तो साहेबांना पाठवला होता आणि साफ विसरलो होतो. जुन्या साहेबांना ते शुभेच्छापत्र वाटलं, त्यांनी कपाटावर लावलं. या बाईंनी एकट्यांनी तो नीट वाचला. "काका, हा राजीनामाच आहे ना? तुमची इच्छा मोडायला नको म्हणून मीच तुम्हाला माणूस निवडायला सांगितलं." मागे घ्यायचा असेल, तर कोणी रुजू होण्याआधी साध्या गद्यात एक ओळ लिहून द्यायची. सकाळपासून सात कागद झाले. प्रत्येकात पाखरू येतंच. म्हणून खरं मागणं हे: ऐनवेळी स्वतःची ओळ घालायला तूच. एक ओळ लिहून पाठव. शेळी नको. आणि ती ओळ कोणाच्या नोकरीवर पडणार आहे, ते मला कळतं, एवढं तुला कळवतो.

ता. क. दुसरं. वरचं फाडणार होतो, पण मागच्या बाजूला तुझ्या गुडघ्याची चौकशी आहे. आज तुझी मुलगी निकाल विचारायला आली. मी पाणी भरायला गेलो तेव्हा तिला खुर्चीत बसवून गेलो (स्टुलाचा एक पाय हलतो). परत आलो तर एक वेल्डर समोर बसलेला आणि ही त्याला विचारत होती, "शाळेतली एखादी येते का?" तो दोन ओळींनंतर म्हणाला, आठवत नाही बाई. तिने त्याच्या नावापुढे बरोबरची खूण केली. मी तिला काहीही शिकवलं नव्हतं. मी कुलूप उघडलं. सोमवारी रुजू होते आहे, अठ्ठाविसाव्या दिवशी. माझी टिकली आयुष्यात पहिल्यांदा हिरवी होईल आणि ती बघायला मी घरी असेन, हिच्या भाजीसमोर. तेव्हा ओळ पाठवू नकोस.

ता. क. तिसरं. पण लिहून जवळ ठेव. इथे नव्वद दिवस मोजतात.