हार वाढवावा

मी, या गल्लीत 'वरची सोनारीण' म्हणून ओळखली जाणारी, वय वर्षे अडुसष्ट, अविवाहित, धंदा खडे बसवण्याचा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. मात्र हल्ली ते माझ्याशी न बोलता माझ्या मागच्या भिंतीशी बोलतात, त्यावरून बाकीचं मी समजले. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. दबाव आणायलाही कुणाला तरी वर यावं लागतं.

कलम १. या वरच्या दोन खोल्या माझ्या भाचीला, म्हणजे खाली राहणाऱ्या दादाच्या मुलीला द्याव्यात. तिला सगळे 'तिजोरी' म्हणतात. का, ते पुढे येईल. खिडकीजवळचं मेज हलवू नये. रंगीत खडा दिव्याखाली थापा मारतो, खिडकीच्या उजेडात मात्र त्याचं काही चालत नाही.

कलम २. बँकेत असेल त्यातून आधी दवाखान्याचं भागवावं. उरलं तर तेही तिजोरीला. फार उरणार नाही, मी कमावलं ते खड्यांत घातलं.

कलम ३. फुंकणी, हातोड्या, भिंग, चिमटे, सगळी हत्यारं तिजोरीला. बारीक टोकाचा चिमटा समोरच्या शिंप्याकडे आहे. हरवलेली सुई काढायला म्हणून नेला, आणि आता त्याने तो कानातले केस उपटतो. मी खिडकीतून पाहिलं आहे. चिमटा परत घ्यावा आणि उकळावा.

कलम ४. हार. हे कलम लांबणार आहे, वाचणाऱ्याने बसून घ्यावं.

मूळ हार बाबांनी आईसाठी केला. साचा नाही, यंत्र नाही. पत्रा ठोकून, तार ओढून, प्रत्येक कोंदण त्या त्या खड्याच्या अंगाने घडवलेलं. खडे सगळे खाणीतले: नीलम, पुष्कराज, गोमेद, माणिक, पाचू. एकदम सगळे घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून हातात चार पैसे आले की एक खडा यायचा. मग बाबा मला मेजाशी बोलावून म्हणायचे, "चल, हार वाढवू."

आता दुसरी गोष्ट. आमच्या घरात दागिना 'मोडला' असं कुणी म्हणत नसे. अशुभ बोलणं ते. बांगडी फुटली तरी ती 'वाढवली' म्हणायचं. गिऱ्हाईक सोन्याचा जुना डाग आटवायला घेऊन आलं की बाबा भट्टीपाशी बसलेल्या दादाला हाक मारायचे, "हे वाढव रे." मी मेजावर वाढले, दादा भट्टीपाशी. एकच शब्द, पण मी ऐकला तो जोडण्याचा आणि त्याने ऐकला तो आटवण्याचा.

बाबा जाताना आम्ही दोघं उशाशी होतो. ते म्हणाले, "माझ्यामागे तो हार वाढवा." दोघांनीही मान डोलावली. दुसऱ्या दिवशी मी मृत्यूच्या दाखल्यासाठी रांगेत उभी होते, तेव्हा दादाने भट्टी पेटवली. रडत रडत पेटवली, असं वहिनी सांगत असे. मी घरी आले तेव्हा सोन्याची लगड झाली होती आणि खडे बशीत पडले होते.

मी त्याला म्हटलं, तू बाबांनाच आटवलंस. तो म्हणाला, मी त्यांचा शब्द पाळला. आमचं असं जुंपलेलं असताना त्याची रांगती पोर बशीपाशी गेली आणि माणिक गिळून मोकळी झाली. मग काय, आम्ही बहीणभाऊ आळीपाळीने तिच्या भांड्यापाशी पहाऱ्याला. माणिक आलं तेव्हा दोघंही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. ती तेव्हापासून तिजोरी. आणि ते आमचं शेवटचं एकत्र हसणं. पुढे वाटणी झाली, तो खाली राहिला, मी वर आले.

दादाने आपल्या वाट्याचे खडे अडीअडचणीला विकले. मी ते शोधत फिरले. अस्सल खडा निर्दोष नसतो, म्हणून तर तो ओळखू येतो. नीलमात धुक्यासारखा पट्टा होता, पुष्कराजाच्या कडेला बारीक चीर होती. भिंग लावलं की गेलेलं माणूस गर्दीत दिसावं तसे ते मला दिसायचे. एकेक सोडवून आणला, माझ्या वाटणीच्या सोन्यातून आठवणीवरून कोंदणं घडवली. हार झाला. फक्त पाचूचं कोंदण रिकामं आहे.

पाचू दादाच्या अंगठीत आहे. बोटाचा सांधा सुजलाय, अंगठी निघत नाही. मी तिजोरीकडून निरोप पाठवला होता. त्याने उलट सांगून पाठवलं, "आत्याला म्हणावं, बोट कापून ने."

हा हार तिजोरीला द्यावा. त्यात खडे घालावेत, काढू नयेत, आणि सोनं भट्टीत घालू नये. इतकी फोड करून लिहिते, कारण एका शब्दाने आमच्या घराची दोन घरं झाली.

कलम ५. साक्षीदार. ते दोन लागतात, आणि त्यांनी माझ्या हयातीत, माझ्यासमोर सही करायची असते. ज्याला मिळणार तो साक्षीदार चालत नाही, म्हणून तिजोरी बाद. वकीलबाई म्हणाल्या, कोपऱ्यावरच्या चहावाल्याला बोलावू. मी नको म्हटलं. दुसरी सही दादाचीच.

वकीलबाईंनी पेनाला टोपण लावलं. "अहो, त्यांनी सही नाही केली तर हा कागद रद्दी. तुम्हाला दुसरा वारस नाही, सगळं त्यांनाच जाईल. सही न करण्यातच त्यांचा फायदा आहे."

मी म्हटलं, माहीत आहे.

दादा, तिजोरी तुला हे वाचून दाखवेल. सहीला मात्र वरच यावं लागेल. मी खोकले की खाली तुझी हातोडी थांबते. ते मला इथे ऐकू येतं. मग येत का नाहीस? हार अपुरा राहील याची भीती वाटते, असं मी सगळ्यांना सांगते. ते खोटं आहे. तू न येता मी मरेन, याची मला भीती वाटते. आता फार दिवस नाहीत आणि माझ्याने एकटीने निभत नाही. हात इतके कापतात की पाचू दिलास तरी मला बसवता येणार नाही, तिजोरी बसवेल. नाही निघाली अंगठी तर राहू दे. बोटासकट ये.

लिहून देणार: वरची सोनारीण (सही)

साक्षीदार पहिला: समोरचा शिंपी (सही). चिमटा परत केला आहे. उकळून.

साक्षीदार दुसरा:

ठिकाण: वरची खोली. दार नुसतं लोटलेलं आहे, कडी लावलेली नाही.

तारीख: दादा येईल ती.