शेक थांबले तो आठवडा

४ ऑक्टोबर २००५, मंगळवार

काल दुपारी सर्व्हर बसला तो बसलाच. डिस्क गेली. हॉस्पिटलच्या रेडिएशन विभागाचं सगळं त्यावर — कुणाला किती डोस, कुठे, कुठल्या कोनातून. कागदी कार्डं गेल्या वर्षीच बंद केली आम्ही, मोठ्या थाटात! आता मशीन ठणठणीत, पेशंट बाकावर, आणि काम ठप्प. डॉक्टर जया म्हणाल्या, "रेकॉर्डशिवाय मी कुणालाही आत घेणार नाही. अंदाजाने द्यायला ही काय खोकल्याची बाटली आहे?"

बरोबर आहे त्यांचं. पण त्या बाकावर माझी आईपण आहे.

बॅकअप सांभाळणाऱ्या गोपाळकृष्ण काकांनी कपाटातून टेप काढून दिली. नवी डिस्क बसवून रिस्टोअर लावलं, म्हणजे टेपवरचं सगळं परत सर्व्हरवर भरायचं. बेचाळीस टक्क्यांवर टाइमआउट.

५ ऑक्टोबर

परत लावलं. परत बेचाळीस. टाइमआउट!

६ ऑक्टोबर, गुरुवार

आमचे साहेब, संजय सर, मागे येऊन उभे राहिले. "सावकाश होऊ द्या. पेशंटना सांगतो, गाठीला म्हणावं जरा थांब." अंगाचा तिळपापड झाला.

शेक नसले तरी आई येरवड्याहून दोन बस बदलून येतेच. रेडिएशनला ती शेक म्हणते. म्हटलं, घरी थांब ना. तर, "घरी बसून काय करू? इथे निदान तू दिसतेस." दुपारी डब्यातली भाकरी काकांपुढे धरली. काकांचा नवरात्राचा उपास! मग शेंगदाणे दिले. ते घेतले.

डॉक्टर जया म्हणतात, दोन-चार दिवसांचा खंड निभावेल, त्याहून जास्त नको. भीती वाटते मला. कुणाला सांगणार, म्हणून इथे लिहिते.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

सापडलं! टेप चांगली आहे. खोट माझ्या टेबलावरच्या प्रोग्रामची. तो सर्व्हरला काम सांगतो आणि उत्तराची वाट बघत बसतो. डेटा एवढा मोठा की बराच वेळ उत्तरच येत नाही — झालं, याला वाटतं पलीकडचा मेला, आणि हा सगळं तोडून मोकळा. शिट्टी होईना म्हणून कुकरखालचा गॅसच बंद करायचा, तसलं!

उद्या सर्व्हरच्या खोलीतच बसायचं, त्याच मशीनवरून लावायचं. मध्ये नेटवर्क नको. वाट बघण्याची मर्यादा काढून टाकायची. आणि दर पाच टक्क्यांना "चालू आहे" एवढं त्याने सांगायचं, म्हणजे माझाही जीव थाऱ्यावर राहील. पहिल्याच दिवशी सुचायला काय झालं होतं, बाई!

८ ऑक्टोबर, शनिवार

स्वेटर घालून एसीत बसले. पस्तीस. चाळीस. मग बराच वेळ काहीच नाही. पंचेचाळीस!! तिथून पुढे गेलं ते शंभरलाच थांबलं. झालं!

संजय सर म्हणाले, "बरं." पुण्यात याहून मोठं कौतुक नसतं. काकांनी देवीपुढचा पेढा आणून दिला.

आईला सांगितलं, सोमवारी तुझे शेक चालू. येताना मटण आणलं. किती दिवसांनी पोटभर जेवली.

१० ऑक्टोबर, सोमवार

यादीत आईचं नाव नाही.

टेप पितृपक्षाच्या आधीची. ती भरली होती, बॅकअपचं मशीन नवी मागत होतं, पण काकांनी नव्या टेपचं खोकं फोडलंच नाही. "पितृपक्षात नवी वस्तू कशी काढायची, मॅडम? घटस्थापनेला काढणारच होतो हो." रडायला लागले. मी तरी कुठे तारीख बघितली, नुसते टक्के बघत बसले.

बाकीच्यांचा मूळ प्लॅन तरी आहे, पुढचं जुळवता येईल. आईचं काहीच नाही. त्या पंधरवड्यात उपचार सुरू करायला कुणी तयार नव्हतं, म्हणून तर तिला लगेच नंबर मिळाला. "आम्हाला कसला पितृपक्ष!" — केवढ्या ऐटीत म्हणाले होते मी.

आई बाहेर बाकावर बसली आहे, पदर नीट करून. आता नाव पुकारतील म्हणून.