कोणता शब्द चुकला?

२ नोव्हेंबर २०२५, रविवार
लहान मुलांचा संडे स्कूलचा वर्ग माझ्या गळ्यात पडला! आधीच्या बाई नाशिकला गेल्या. पोस्टात नोकरी, लग्न नाही, राहायला इथेच देवपुरात — सगळ्यांना मीच रिकामी दिसले. अकरा मुलं. बायबलमधलं मेंढपाळाचं वचन पाठ करून घ्यायचं. तासभर घोकून घेतलं. दोघं झोपली. एकाने माझी चप्पल लपवली.

९ नोव्हेंबर
घोकणं बंद. फरशीच्या सात तुकड्यांवर खडूने वचनाचे सात भाग लिहिले आणि चर्चमागच्या अंगणात लगोरी मांडली. चेंडूने पाडायची, रचताना वचन क्रमाने म्हणायचं. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. इतका आरडाओरडा की पाळकसाहेब खिडकीत आले. पण पाच जणांना निम्मं पाठ झालं!
जाताना मुलं बारा भरली. बारावी कोण?

१६ नोव्हेंबर
बारावी म्हणजे विधी. सात वर्षांची. भिंतीपलीकडच्या भिकमचंदजींची नात — मारवाडी जैन, कापडाचं दुकान. भिंतीवरून येते. घरी माहीत आहे का, विचारलं. "दादाजींना माहितेय." खरं की खोटं, कोण जाणे. बक्षीस म्हणून वेफर्स पुढे केले तर म्हणाली, "ताई, बटाट्याचे नाहीत ना?" केळ्याचे होते. घेतले.

२३ नोव्हेंबर
विधीला सगळं पाठ. फक्त तिलाच.

३० नोव्हेंबर
जळगावला २१ डिसेंबरला पाठांतराची स्पर्धा आहे. पाळकसाहेबांनी नावं मागितली. मी यादी दिली. पहिलंच नाव वाचून थांबले.
"विधी छाजेड? ही कोणाची?"
सांगितलं. त्यांनी यादी परत माझ्यापुढे सरकवली. मग — "नाव काढा. वर्गालाही नको. उद्या कोणी उठून म्हणेल, पोरं बाटवतात. पोलिसांना उत्तरं कोण देणार? तुम्ही?"
मी नाही. नाव खोडलं. त्यांचं चूक आहे असंही म्हणवत नाही. दिवस तसेच आहेत.

७ डिसेंबर
विधीला भिंतीपाशीच अडवलं. सात वर्षांच्या पोरीला खरं कारण काय सांगणार? म्हटलं, "तुझं अजून नीट पाठ नाही. आता येऊ नकोस."
"कोणता शब्द चुकला?"
"तूच शोध."
मान हलवली आणि गेली. रडली वगैरे नाही. वर्ग नेहमीसारखा झाला.

१० डिसेंबर
पोस्टात गर्दी. दुपारी डोकं दुखलं.

१३ डिसेंबर, शनिवार
संध्याकाळी दारात भिकमचंदजी! एकटेच. वाटलं, आता भांडण. चपला बाहेर काढून आत आले, खुर्चीच्या काठावर बसले.
"बाई, सहा दिवस झाले. पोरगी जेवताना तेच म्हणते, आंघोळीला तेच. ऐकून ऐकून मलाच पाठ झालं."
आणि त्यांनी म्हणून दाखवलं. डोळे मिटून, गुडघ्यावर हात ठेवून, पहिल्यापासून शेवटपर्यंत. एक अक्षर इकडचं तिकडे नाही.
"आता सांगा, कुठे चुकतं? मला तर सापडत नाही. तिलाही सापडत नाही."
पाणी आणते म्हणून आत गेले. उगाच थोडा वेळ माठापाशी उभी राहिले. बाहेर येऊन सगळं सांगितलं — यादी, पाळकसाहेब, पोलीस.
ऐकून घेतलं त्यांनी. म्हणाले, "अहो, भिंतीवरून मीच उतरवतो तिला! आमच्या पाठशाळेत मांडी घालून बसवतात, तिथे ती टिकत नाही. इथे खेळता खेळता काही शिकते, शिकू दे म्हटलं. तुम्हाला भीती वाटली तर माझ्याकडे यायचं, मी अंगणात येऊन बसलो असतो. पोरीशी कशाला खोटं बोललात?"
पाणी तसंच राहिलं.
दारात म्हणाले, "तिला तुम्हीच सांगा. मी नाही सांगणार."

१४ डिसेंबर
पाळकसाहेबांना सांगितलं — विधी वर्गाला येईल. तिचे आजोबा अंगणात खुर्ची टाकून बसतील, ज्याला विचारायचं त्याने त्यांना विचारावं. चालत नसेल तर वर्ग दुसऱ्या कोणाला द्या.
खूप वेळ चष्मा पुसला त्यांनी. "जळगावला मात्र नाही हं."
बरं, म्हटलं. मला एवढंच जमलं.

१५ डिसेंबर
पोस्ट सुटल्यावर त्यांच्या दुकानात गेले. विधी गादीवर बसून चिंध्यांच्या घड्या घालत होती. मी तिच्यासमोर खाली बसले. म्हटलं, तुझा एकही शब्द चुकला नव्हता. मी खोटं बोलले. मला भीती वाटली.
तिने विचार केला. मग विचारलं, "माझी?"
मी हो म्हणाले.