तुमचा डावा कान

अहो,

पत्राच्या आरंभी तीर्थरूप लिहावं की चिरंजीव, यात पाच मिनिटं गेली. वयाने तुम्ही पहिले, वागण्याने दुसरे. शेवटी नुसतं ‘अहो’ लिहिलं. एवढी वर्षं त्यावर भागलं आहे. नमस्कार. इथे लेक बरी आहे, जावई कामावर जाऊ लागले, बाळ सात आठवड्यांचं झालं आणि पोट भरलं की भांडायला मोकळं होतं. तुमची खुशाली विचारत नाही, कारण तुम्ही ‘उत्तम’ म्हणणार, आणि त्या उत्तमाबद्दलच हे पत्र आहे. (कागदावर लिहिते आहे, लेक त्याचा फोटो काढून तुम्हाला पाठवेल. वाचणार नाही म्हणाली. म्हणताना कान लाल झाले तिचे. ही खोड कोणाकडून आली, ते सांगायला नको.)

मी इथे आल्याला नऊ आठवडे झाले. रोज सकाळी, म्हणजे तुमच्या संध्याकाळी, लेक स्वयंपाकघरातल्या टेबलावर साखरेच्या डब्याला फोन टेकवते, मी पदर सारखा करून समोर बसते आणि पडद्यावर तुमचा डावा कान उगवतो. पहिल्या दिवशी ती ओरडली, “बाबा, कानाला नका लावू, तोंडासमोर धरा!” तर कान म्हणाला, “तोंडासमोर धरल्यावर ऐकू कसं येणार?” तेहतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढलेल्या माणसाला फोन कसा धरावा, हे कोण शिकवणार? तिने नाद सोडला. एकदा शेजारच्या निवृत्त नर्सबाई बाळाला बघायला आल्या. पडद्याकडे बराच वेळ निरखून म्हणाल्या, “पेशंट कोण?” मी म्हटलं, “नवरा.” “कधीपासून असं आहे?” म्हटलं, “एकेचाळीस वर्षं.” (बाई सज्जन आहेत. पुढे काही विचारलं नाही.)

खरं सांगते, पहिला आठवडा मला संताप आला. एवढ्या लांबून माणूस बघायला बसावं आणि कानाची पाळी बघून उठावं! पण मग ध्यानात आलं की तुमच्या तोंडापेक्षा तुमचा कान बरा. तोंड म्हणतं, “सगळं व्यवस्थित,” आणि कानामागे चष्म्याची काडी काळ्या दोऱ्याने बांधलेली. (दोरा माझ्या शिवणाच्या डब्यातला. गुंता केला असणारच.) तोंड म्हणतं, “सर्दी? छे!” आणि कानात कापसाचा बोळा. संध्याकाळी सहाला तोंड “सकाळीच आवरलं” म्हणतं, आणि कानावर साबणाचा ओला फेस. म्हणजे दाढी माझ्या फोनसाठी होते, एरवी नाही. काडी मोडली तर मोडली म्हणावं, त्यात काय कमीपणा आहे?

गेल्या रविवारी लेक आणि जावई दोघं समोर येऊन बसले. लेकीला कामावर परत जायचं आहे, तर आई, आणखी तीन महिने राहशील का? तिकीट पुढे ढकलायचं तर शुक्रवारपर्यंत कळवायला हवं. मी म्हटलं, यांना विचारते. लेकीने तुम्हाला आधीच कळवलेलं असणार, कारण त्या दिवशी पडद्यावर कान आलाच नाही. चेहरा आला! आपल्या शेजारच्या वकिलांनी म्हणे फोन शब्दकोशाला टेकवून दिला. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं आणि भर उन्हाळ्यात कानटोपी. “तू खुशाल राहा, माझं काही अडत नाही,” एका दमात, पाठ केल्यासारखं. लेक खूश झाली. मी कानटोपीकडे बघत होते. लग्नाच्या पहिल्या आठवड्यात मी भात करपवला, तुम्ही “फार छान” म्हणालात आणि दोन्ही कान लालबुंद झाले, तेव्हापासून मी तुमचं बोलणं कानांवरून तपासते. तुम्हाला ते ठाऊक नाही अशी माझी समजूत होती. ती कानटोपीने मोडली.

त्यानंतर बाळाला मांडीवर घेऊन बसले. डावा कान हुबेहूब तुमचा आहे, वरची कड तशीच आत दुमडलेली. बराच वेळ तो कान धरून बसले. बाळाची हरकत नव्हती.

असो. एवढं कळलं तरी पुष्कळ. जेवण वेळेवर करा.

तुमची,
लेकीची आई

ता. क. चष्मा दुरुस्तीला टाका. दोरा गुंडाळून डब्यात ठेवा.

आणखी एक. उद्या फोन नेहमीसारखा कानाला लावा, कानटोपी काढून. मी एकदाच विचारीन, “तीन महिने राहू का?” तोंडाने काय वाटेल ते सांगा.

आणखी एक. तिकीट मी पुढे ढकललेलं नाही. बाळाकडे दिवसभर नर्सबाई बघणार आहेत, लेकीचंही समाधान झालं आहे. बावीस तारखेला येते. तरी उद्या कान दाखवाच.

शेवटचं. तुमची आठवण वगैरे मला इथे मुळीच येत नाही. (मी केस कानांवरून विंचरते, त्याला एकेचाळीस वर्षं झाली. का, ते तुम्ही कधी विचारलं नाहीत.)