सौ.चा उजवा खांदा

७ नोव्हेंबर १९५३, शनि. पाडवा.
वर्षभर मी लोकांना चोळतो, पाडव्याला मला कुणीतरी चोळतं. पाठीला तेल लावता लावता आज सौ.चा हात मध्येच थांबला. काय गं? "काही नाही. खांदा भरला." उजवा. चकलीचा सोऱ्या दाबून, दळण, सारवण... भरणारच. म्हटलं, चल, आज उलटं, मी तुला चोळतो. पायापासून सुरू. तिनं पाय लुगड्यात ओढून घेतले. "माह्या पायाले हात नका लावू. पाप लागीन मले." असोद्याहून लग्न करून आली तेव्हापासून हेच. जळगावातल्या निम्म्या हमालांच्या पोटऱ्या मी आंधळेपणी ओळखीन, घरचे दोन पाय सोडून. खांदा मात्र दिला. दोन दिवसांत मोकळा होईल.

१२ नोव्हें. गुरु.
कापसाचं जिन जोरात. दुकान उघडायच्या आधी ओट्यावर हमाल बसलेले. एकेकाळी यांच्यातच मी गठाणी उचलायचो, त्यामुळे भीड नाही कुणाला. सुपडू आला, धुळ्याकडचा. डोकं धरून. मी मानेजवळ, खांद्याच्या मासात चाचपलं. ताणलेली सुतळी, तिच्यात तुरीएवढी गाठ. अंगठा ठेवला.
"नाना, मनं डोकं दुखस अन् तुम्ही खांदा दाबतस! चुकी गयात का?"
आणखी थोडा भार. मास बोटाखाली टुणकन उडालं.
"मरी गवू! डोळामागे गयी ना कय!"
कळ डोळ्यामागे जाणारच. दुखणं एका घरी, त्याचा मालक दुसऱ्या घरी. मालक सापडला की अंगठा हलवायचा नाही, घासायचं नाही, नुसतं श्वास ऐकत बसायचं. अडकलेला श्वास लांब व्हायला लागला की समजावं, गाठ सुटतेय. मग विटेचा शेक, मान हळू ताणायची. वस्तादांनी तालमीत बोट धरून गाठ दाखवली होती. कानाचं काम माझं मीच शिकलो.
जाताना म्हणतो, "आते बठ्ठं मोकळं शे. एकदाव मना सासूना जिभवर अंगठा ठेवा, नाना." सगळा ओटा हसला.
सौ.चा खांदा अजून भरलेलाच.

२० नोव्हें.
मालक सापडत नाही. मानेजवळ पाहिलं, पाठीच्या फऱ्याखाली पाहिलं, काखेची मागची कड पाहिली. सगळं मऊ, लोण्यासारखं. दाबलं तर वाढत नाही, सोडलं तर जात नाही. असा खांदा माझ्या हाताखाली आलेला नाही.
ती म्हणते, "तुमचा हात लागला का निम्मं जातं." श्वास तसं म्हणत नाही.
आज भरीत केलं, सगळ्यांत आवडीचं तिचं. मला वाढलं, स्वतः ताक प्यायली. विचारलं तर "चाखता चाखता पोट भरलं". चाखताना मी पाहिलं नाही.

२९ नोव्हें. रवि.
डाव्या कुशीवर निजवून फऱ्याखाली बघत होतो. आधाराला दुसरा हात पुढून गेला, उजव्या बरगडीखाली. श्वास अडकला. तिथंच. बोटं जरा आत घातली.
कड लागली. धोंड्याची.
मासातली गाठ सरकते, उडते, तिला जीव असतो. हे सरकेना. हे माझ्या धंद्यातलं नाही.
हात काढून घेतला.
"सापडला का मालक?"
"नाही."
"मंग हात काहून काढला?"
तेल संपलं म्हणालो. उठून आत गेलो. चुलीपाशी उगाच उभा.
वाटी तिच्या उशाशीच होती. भरलेली.

२ डिसें.
जळगावात दाखवता येईल, पण संध्याकाळच्या आत स्टेशनापर्यंत बोंब होईल, नानाची बायको डॉक्टरकडे. माझी काय अब्रू जायची ती जाऊ दे. चार बायका तिलाच येऊन विचारतील, काय झालं गं? त्यापेक्षा धुळे. कमल आहे तिथं, एकुलती. लेकीकडे चार दिवस म्हणून न्यावं. सौ. खूश. कळण्याचं पीठ, पापड, मिरच्यांची पुरचुंडी, अर्धं घर बांधलं. मी म्हटलं, चूल पण घे. "घेतली असती. तुम्ही उचलली असती का?" हसली. हसताना हात बरगडीवर गेला. तिला कळलं नाही. की कळलं.

५ डिसें. धुळे.
डॉ. तरुण आहे, हात हलका. तपासून मला बाहेर बोलावलं. आत कमल तिला काहीतरी सांगून हसवत होती, भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. इथं कान नसते तर बरं.
"खांद्यात काही नाही. आजार यकृतात आहे. तिथली वेदना खांद्यात जाते."
माझाच धडा मला वाचून दाखवला. वाईट वाटलं नाही. काहीच वाटलं नाही तेव्हा.
"इथं जमणार नाही. मुंबईला पोट उघडून बघतील. हाती काय लागेल सांगता येत नाही. आणि नाहीच नेलं तर..." पोटावर हात नको म्हणाला. खांदा चोळा, त्यांना बरं वाटतंय ना, मग चोळा.
कमलला सांगितलं. न्हाणीत जाऊन आली, डोळे लाल. आईनं विचारलं तर "बंबाचा धूर". बंब पेटलेलाच नव्हता.
सौ.ला पित्त सांगितलं.
"पित्तच ना?"
"पित्तच."
"बरं."
एवढंच. एरवी ही बाई भाजीवाल्याला सात प्रश्न विचारते.

१३ डिसें. जळगाव.
सुपडूचा खांदा पुन्हा. अंगठा ठेवला आणि ऐकायचं राहूनच गेलं.
"नाना, कोठे शेतस?"
"इथंच आहे."
"अंगठा आठे शे. तुम्ही नही."
हसून घेतलं. त्याच्याकडून पैसे घेतले नाहीत, काम झालंच नव्हतं.
रोज दुपारी सौ.चा खांदा. तिथं काही नाही हे माहीत असून तासभर तिथंच दाबत बसतो. ती डोये मिटते (तिचा शब्द). झोप लागते तिला. मी अंगठा काढत नाही.
सांगावं तर मुंबईला नाही म्हणेल. एकदा नाही म्हणाली की संपलं, मी ओळखतो. न सांगता नेऊ, तर दवाखान्याच्या दारात तिच्या तोंडाकडे बघू कसा?

२३ डिसें.
जावयानं कळवलं, मुंबईच्या दवाखान्यात जागा मिळेल, पुढच्या शुक्रवारी हजर व्हा. पत्र खिशात ठेवलं.
सकाळी मेथी निवडत बसली होती, पाय दिसले. सुजलेत. जोडवी बोटांत रुतलीत. म्हटलं, सोनाराकडून सैल करून आणू? काढ.
"तुम्ही जित्ते बसेल असताना काढू?" इतकी चिडली की जुडी खाली पडली. पाय आत.
इतक्या वर्षांत तिच्या रागाचं मला कधी बरं वाटलं नव्हतं. आज वाटलं. अजून जोर आहे.

२७ डिसें. रवि.
दुपारी ओट्यावर ऊन होतं, ती भिंतीला टेकून बसलेली. खांद्यासाठी तेल कोमट करून नेलं. म्हटलं, पाठ कर.
पाठ केली नाही. लुगडं घोट्याच्या वर घेतलं आणि दोन्ही पाय माझ्यापुढे केले. समोर रस्ता. माणसं येत-जात होती. पलीकडची म्हातारी बघत होती.
मी वाटी धरून तसाच उभा.
"बसता ना?"
"आणि पाप?" चेष्टेत म्हणायचं होतं.
"माह्यं मी पाहीन."
बसलो. पाय मांडीवर घेतला. दाबलं की बोटाचा खड्डा राहतो, लवकर भरत नाही. टाचेला भेगा. करंगळीवर जुना डाग आहे भाजल्याचा, मला ठाऊक नव्हता.
"जोडवी काढू नका. तेल सोडा अन् नुसती फिरवा."
फिरवली. खाली गोल वळ पडलेत. मी ऐकत होतो. श्वास लांब, सरळ. कुठंच अडकत नव्हता. माझाच अडकत होता.
मग रस्त्याकडे बघत म्हणाली, "त्या दिवशी तेलाची वाटी भरेल होती."
"हो."
आणखी काही विचारलं नाही तिनं. मीही पित्त म्हणालो नाही.
शेवटी मीच काढलं. जावयानं जागा पाहून ठेवलीय. शुक्रवारी. मुंबईला. येशील?
तिनं पहिला पाय माझ्या मांडीवरून काढून घेतला, दुसरा ठेवला.
"आधी हा तं होऊ द्या."