पडलेली रेघ

३ जून, बुधवार. सकाळी.
लेकीनं फोन शिकवला. मी बोलायचं, तो लिहितो. मला वाचता येत नाही, म्हणजे माझी गुपितं माझ्यापासूनसुद्धा सुरक्षित.

रविवारी ताईकडे जायचंच. भाचा तिला विमानानं कायमचं स्वतःकडे नेतोय. आमच्या वयात ‘पुन्हा भेटू’ नुसतं म्हणायचं असतं. बसची पायरी माझ्या गुडघ्यांना झेपत नाही, आणि घरच्या गाडीनं ऐन वेळी सोंग आणलंय. चढावर धापा टाकते, पिवळा दिवा लावते.

दुपारी.
जावईबापूंनी गाडीला लॅपटॉप जोडला. धुराच्या नळीत म्हणे एक सेन्सर असतो. धुरात ऑक्सिजन किती उरला ते हुंगतो. तो धडधाकट असला की त्याची रेघ खालीवर नाचते. आमची तळाला पडलेली, जशी माझी सासू कामाच्या वेळी.

जावयांचे हात काळे, लॅपटॉप ऑफिसचा. म्हणून रेघेवर नजर ठेवायचं काम माझ्याकडे. अक्षर येत नसलं तरी रेघ कळते. नातवंडांच्या झबल्यांवरच्या वेली मीच काढल्यात.

रेघ फार पळत होती, डोळे दुखायला लागले. कोपऱ्यातली दोन बटणं दाबून तिला शिस्त लावली. आता सावकाश चालते. जावयांना सांगितलं नाही. उगीच कौतुक करत बसतील.

४ जून.
नवा सेन्सर बसवला. पिवळा दिवा विझला. जावई नाचायचेच बाकी होते. मी म्हटलं, दिव्याचं काय घेऊन बसलात, रेघ बघा, आहे तिथेच आहे. बिचाऱ्यांचं तोंड उतरलं. म्हणाले, आई, तुम्ही होतात म्हणून, नाहीतर रविवारी चढावरच अडकलो असतो.
खरं आहे.

५ जून.
नळीचा जोड घट्ट केला. वायर बदलली. रेघ ढिम्म. जावई म्हणाले, पण आवाज किती छान येतोय! मी म्हटलं, आवाज माझ्या सासूचाही छान होता.
रात्री वाईट वाटलं. उद्यापासून टोमणे बंद.

६ जून.
टोमणे मारले. पण चूक जावयांची. म्हणाले, उद्यापुरती भाड्याची गाडी सांगू का? म्हटलं, घरची असताना? इतके दिवस डोळे फोडून बसलेय ते कशाला? उद्या सकाळपर्यंत रेघ उठवते की नाही बघाच.
लेक म्हणाली, आई, तुला मावशीला भेटायचंय की जिंकायचंय?
काहीतरीच. तिला यंत्रातलं कळत नाही.

७ जून, रविवार.
रेघ उठली नाही. जावयांनी दहा ठिकाणी फोन केले, भाड्याची एकही गाडी मोकळी नाही. मीच म्हटलं, जाऊ द्या.

ताईचा विमानतळावरून फोन आला. अगं, गाडीला झालंय तरी काय, म्हणाली. मी तिला सेन्सर समजावला. धूर, नळी, रेघ, सगळं. ती हं हं करत होती. एवढ्यात तिला आत बोलावलं.
बाकीचं बोलायचं राहिलं.

८ जून.
लेकीनं जाता जाता स्क्रीनवर नजर टाकली. म्हणाली, आई, हे बुधवारचं रेकॉर्डिंग आहे. तेच तेच पुन्हा चालतंय. वर मोठ्या अक्षरांत लिहिलंय की.

मोठ्या अक्षरांचं मला काय सांगतेस, म्हटलं.

तिनं एक बटण दाबलं. रेघ खालीवर नाचायला लागली. गुरुवारपासून नाचत होती.

जावयांनी लॅपटॉपची वायर काढून गुंडाळून ठेवली. दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. संध्याकाळी म्हणाले, चला आई, एक चक्कर मारून येऊ. ताईच्या वाटेवरचा चढ गाडीनं एका दमात घेतला. माथ्यावर त्यांनी विचारलं, आता?

मी म्हटलं, वळवा.